दोनदा ओढलेला पदर

कसे आहात सगळे? सुमनताई, गुडघा काय म्हणतोय? नाना, मोतीबिंदू काढला ना, आता माझं हे लिहिलेलं दिसतंय का नीट? मीना, बाळंतपणात अंग जपतेस ना गं? मी बरी आहे... कान तेवढे रुसलेत.

काल दुपारी डोळा लागला आणि अर्धवट झोपेत धुळ्याची ती खोली दिसली. ऐंशीच्या पुढचं साल, जून महिना. सहा वर्षांच्या वंदनाला मूकबधिर शाळेत घालायला आम्ही नवराबायको शिंदखेड्याकडून एसटीने गेलो होतो...

माझ्या वंदनाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण घरात हे बोलायची चोरी. "पोरनी जात शे, उद्या कोन करी तिले?" सासूबाई लग्नाच्या काळजीने म्हणायच्या.

मग मीच एक युक्ती काढली. पोर सदा माझा पदर मुठीत धरून असायची. कुणी मागून हाक मारली की मी पदर हळूच दोनदा ओढायची... ती वळून गोड हसायची. गाव म्हणायचं, लाजरी आहे, बोलेल सावकाश. तिच्या वडिलांनासुद्धा हे पदराचं गुपित ठाऊक नव्हतं.

पण गावच्या शाळेत पदर कुठून आणणार? वर्षभर पोर मागच्या कोपऱ्यात बसली, पाटी कोरी ती कोरीच. शेवटी गुरुजींनीच धुळ्याचा पत्ता दिला.

तिथे आधी शाळेच्या बाई स्वतः बघायच्या, मग चिठ्ठी देऊन सिव्हिलला कान तपासायला पाठवायच्या. घेतलं तर पोर तिथेच वसतिगृहात राहणार. जागा थोड्या, आणि बाहेरचा ओटा आयाबायांनी भरलेला.

बाईंनी वंदनाला खिडकीकडे तोंड करून माझ्याजवळ उभं केलं आणि मागे जाऊन पितळी घंटा वाजवली. काय सांगू... माझ्या हाताने पदर ओढला. दोनदा. मी नाही हो, हातानेच ओढला!

वंदना वळली. गोड हसली.

"अहो ताई, हिला तर छान ऐकू येतंय! ही जागा दुसऱ्या लेकराला लागेल." बाईंनी फॉर्म परत दिला.

"देख! ऐकस ना मनी पोर!" तिच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी उंबऱ्यापर्यंत आले. एवढा ओलांडला की पोर कुशीत, सगळं होतं तसं... आणि ती कोरी पाटी डोळ्यांपुढे आली.

मागे फिरले. पोरीच्या मुठीतून एकेक बोट सोडवून पदर काढला, कमरेला खोचला आणि लांब भिंतीशी जाऊन उभी राहिले. "बाई, परत एकदा वाजवा."

बाईंनी वाजवली. अशी जोरात की ओट्यावरच्या बाया डोकावल्या. वंदना मात्र खिडकीतून आलेली रुईची म्हातारी बघत होती. ती पांढरी, हलकी म्हातारी उन्हात तरंगत राहिली, घंटा वाजत राहिली... आणि पोर तिच्यामागे मान हळूहळू फिरवत राहिली.

तिचे वडील घंटेकडे बघत होते, मग पोरीकडे.

बाईंनी माझ्या हातून फॉर्म काढून घेतला, सिव्हिलची चिठ्ठी लिहिली. "ताई, तुम्ही वकील व्हायचं होतं! मला फसवलंत की हो." मग हळूच म्हणाल्या, "आता जरा आम्हाला सांभाळू द्या तिला."

तपासणी होऊन पोर वसतिगृहात राहिली. परतीच्या एसटीत पदर इतका हलका लागत होता, की मीच तो मुठीत धरून बसले...

वंदना सुट्टीत आली की तिच्याच पाटीवर मीही अक्षरं गिरवायची. आज ती बायकांना शिवण शिकवते, मी तिच्याकडेच असते. दारावरची बेल दाबली की घरात दिवा लागतो, तो तिच्यासाठी. मला तर आता ती बेल ऐकूच येत नाही.

काल तो डोळा लागला होता ना, तेव्हा कुणीतरी दारात आलं. वंदनाने माझा पदर हळूच ओढला... दोनदा. मी वळून हसले.

तेव्हा फोन नका करू बरं, लिहा. लवकर लिहा... त्या बाईंच्या कृपेने आम्हा दोघींना वाचता येतं.