यार्देनकाठची चार गाणी

रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा क्षमेच्या ओळीला मी ओठ मिटून घेते. शेजारी बसणाऱ्या बाईच्या ते लक्षात आलंय. तिला वाटतं मला दम लागतो. मला दमबिम काही लागत नाही. एका माणसाला क्षमा करायची माझी तयारी नाही आणि देवासमोर खोटं बोलायचं माझं वय राहिलेलं नाही, एवढंच.

तो माणूस म्हणजे आमचा टूरवाला. पूर्वी मुख्याध्यापक होता, म्हणून सगळे त्याला अजून सर म्हणतात. निवृत्त झाल्यावर तो जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांना पवित्र भूमीच्या सहलीला न्यायला लागला. आवाज भारदस्त, गाणं चांगलं, आणि कुठल्याही अडचणीवर डोळे मिटून प्रार्थना सुरू करायची हातोटी. त्याने एकदा डोळे मिटले की समोरच्याला भांडता येत नाही.

माझ्या मैत्रिणीमुळे मी त्या सहलीला गेले. आम्ही दोघी नगरच्या मिशनच्या होस्टेलमध्ये एका खोलीत वाढलो. मी नगरातच शिक्षिका झाले, ती लग्न होऊन शेवगावकडच्या एका खेड्यात गेली आणि जन्मभर शेतात राबली. येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी डोळ्यांनी बघायची, हे तिचं एकच मागणं. तिला साखरेचा आजार. रोजची गोळी चालू. तिच्या मुलाने मला फोन करून सांगितलं, "मावशी, तुमी असाल तरच आईला धाडतो."

यार्देनला जायच्या सकाळी जॉर्डनमधल्या हॉटेलात आम्ही दोघी नाश्त्याला बसलो. तिने पाव आणि अंडी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. आमच्या बायका सहलीत हे करतातच. मी स्वतः साखरेच्या पुड्या खिशात भरत होते, त्यामुळे तिला काय बोलणार? ती खाणं उरकून बसली असेल असं मी धरून चालले. तिने मात्र नदीत हात घालेपर्यंत एक घासही खायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. नवस म्हटलं तर चर्चचे पाळक रागावतात, म्हणून आमच्याकडच्या बायका असले उपास गुपचूप करतात. उपास केला, पण गोळी मात्र न चुकता घेतली.

नदी बघून मला हसूच आलं. आमच्या पाटाएवढी, आणि तेवढीच गढूळ. मैत्रीण मात्र काठावरच्या लाकडी पायऱ्यांवर उभी राहून रडत होती. मग ती थरथरायला लागली. काहीतरी पुटपुटायला लागली. वरच्या ओठावर घाम, पदर भिजलेला. माझ्या आईलाही साखर होती. हे मी घरात पाहिलेलं आहे. मी पुढे झाले, तोवर सरांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "हालेलूया! पवित्र आत्मा उतरला हिच्यावर."

मी म्हटलं, "सर, आत्मा नाही, साखर उतरलीय. बाजूला व्हा."

त्यांनी माझं कोपर धरलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, पवित्र जागा आहे. अडथळा आणू नका." आणि त्यांनी गाणं सुरू केलं. झालं, सगळी बस गायला लागली. टाळ्या वाजवत, डोळे मिटून. ज्यांचे डोळे उघडे होते त्यांचे मोबाईल वर. ती पायरीवर कोसळली तशी गाण्याला आणखी जोर आला. मी माणसं ढकलत, एका बाईच्या पायावर पाय देत तिच्यापर्यंत पोचले. तिचं डोकं मांडीवर एका कुशीला घेतलं आणि पुड्या फोडून साखर तिच्या हिरड्यांना चोळली. तिचे दात आवळलेले, हातपाय झटके देत होते. तिथल्या वाटाड्याला मी शाळेत शिकवायचे त्या इंग्रजीत ओरडून सांगितलं आणि त्याने फोन केला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही गाणं चालूच होतं. माझ्या मांडीवर माझी मैत्रीण मरत होती आणि ही माणसं ताल धरत होती. तेव्हाच मी ठरवलं की ह्याची परतफेड करायची.

दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली, तरी ती लवकर शुद्धीवर येईना. बस दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबली. सर आत आले, तिच्या उशाशी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली, आणि कुणाला तरी फोटो काढायला लावला. मग मला म्हणाले, पुढचं सगळं ठरलेलं आहे, बसला थांबता येणार नाही, प्रभू तुमच्याबरोबर आहे. आमचे पासपोर्ट त्यांच्या बॅगेत होते; हरवतात म्हणून ते सगळ्यांचे स्वतःकडे ठेवत. ते तसेच घेऊन निघाले होते. मी बसच्या दारात पायरीवर जाऊन बसले आणि दोन्ही पासपोर्ट हातात पडेपर्यंत उठले नाही. मग बस गेली. खिडकीतून दोघी-तिघींनी हात हलवले.

त्या परक्या दवाखान्यात आम्ही दोघीच उरलो. नर्सची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. मी खुर्चीत बसून मैत्रिणीचे पाय चोळत राहिले. ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिने मला ओळखलंच नाही. म्हणाली, "घंटा झाली का गं?" तिला वाटलं आपण होस्टेलातच आहोत. मी म्हटलं, "नाही झाली. झोप तू." आणि तोंडावर ओढणी धरून रडले. ही अशीच राहिली तर तिच्या मुलाला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

ती बरी झाली. डॉक्टरने मला दोनदा समजावलं, उपाशीपोटी गोळी घेतली तर पुढच्या वेळी ही उठणार नाही. मी ते तिला समजावलं. पण नदीकाठचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आम्ही घरी पोचायच्या आधी नदीकाठचा व्हिडिओ पोचला होता. सरांनी तो गावोगावच्या ग्रुपवर टाकला होता, खाली पुढच्या सहलीची जाहिरात. माझा हात तेवढा एका कोपऱ्यात दिसत होता, आणि ती कोसळायच्या आधीच व्हिडिओ संपत होता. मैत्रिणीने तो बघितला आणि आपल्यावर आत्मा उतरला हे तिला खरंच वाटलं. लोक आजारी लेकरं घेऊन तिच्याकडे प्रार्थनेला यायला लागले. ती दर शुक्रवारी उपास करायला लागली, आणि वर गोळी. मी जाऊन भांडले. ती म्हणाली, "साऱ्या बसला दिसलं, तुला एकटीलाच कसं दिसलं न्हाई? डॉक्टरला आत्म्याचं काय कळतंय?" तिच्यावर मला राग आला नाही. सरांवर इतका आला की परतीच्या एसटीत माझ्या मुठी वळलेल्या होत्या. त्याने तिला एकदा मरणाच्या दारात सोडलं होतं, आणि आता ती दर शुक्रवारी आपल्या पायाने तिथे जात होती.

मग तिच्या मुलाने एका शुक्रवारी अंगणात उपकारस्तुतीची सभा ठेवली. संकटातून कुणी वाचलं की आमच्यात अशी सभा ठेवतात. प्रार्थना, गाणी, साक्षी, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं, आणि शेवटी जेवण. मांडव घातला. सरांना शाल दिली. साक्ष देणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही, हा आमचा रिवाज. मी त्या दिवसाची वाट बघत होते. ठेवणीतली साडी नेसले होते.

सरांची साक्ष झाली. आत्मा कसा उतरला, ते कसे हिच्या उशाशी राहिले. मग मी उठले. नाश्त्याच्या टेबलापासून सुरुवात केली. दवाखान्यात तिच्या पर्समध्ये मला सापडलेल्या वाळक्या पावाचं सांगितलं. "मी सरांना म्हटलं, साखर उतरलीय," एवढं बोलले आणि सरांनी गाणं सुरू केलं. साक्ष फार लांबली तर आमच्यात कुणीतरी गाणं सुरू करतं, म्हणजे बोलणाऱ्याने बसायचं. पेटी वाजली, मांडव गायला लागला. मी बसले नाही. गाणं संपेपर्यंत उभी राहिले आणि पुढच्या वाक्याला लागले. त्यांनी दुसरं गाणं काढलं. मी पुन्हा उभीच. असा आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

तिसरं सुरू होणार, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "थांबा." पेटीवाल्याने हात काढला. ती सरांकडे वळली.

"सर, ही अशीच गानी नदीवर म्हनत हुता व्हय?"

"स्तुती करत होतो आपण."

"मी पडल्याव बी?"

सरांनी खांद्यावरची शाल सावरली. आमच्याबरोबर सहलीला आलेली एक म्हातारी पुढेच बसली होती. लई भोळी. ती म्हणाली, "चौथं चालू हुतं बाई, तवा गाडी आली. ही तुज्या तोंडात साखर कोंबीत हुती. मला वाटलं, हिलाच येड लागलं का काय."

मैत्रीण सरांकडे पाठ करून बसली. मग मुलाला म्हणाली, "पानं वाढा." तो म्हणाला, "आई, तुजा आज उपास हाय ना?" ती म्हणाली, "मला बी वाढ."

सरांना उठून जाता येईना. अंगावर शाल होती आणि पंगत बसली होती. मी शिऱ्याचं पातेलं घेतलं आणि वाढत वाढत त्यांच्यापाशी आले. एकदा वाढला. पुन्हा वाढायला गेले तर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"सर, पवित्र जागा आहे," मी हळूच म्हटलं. "अडथळा आणू नका."

त्यांनी हात काढला. मी डाव भरून शिरा वाढला, आणि उभी राहून ते खाईपर्यंत बघत राहिले. मग मैत्रिणीच्या पानापाशी गेले. ती वर बघेना, माझ्याशी बोलेना. गोळी तिने पानाशेजारी काढून ठेवली होती, आणि ती आधी जेवत होती.