झाडानं काय खाल्लं

कडी झाडात होती, हे मला ठाऊक होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. पण नुसती कडी सांगून भागणार नाही. आधी रशीदभाई सांगावे लागतील.

रशीदभाई रिसोडचे. पूर्वी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांनी पेट्रोलवर चालणारा साखळीचा आरा घेतला, त्याला लोखंडी चौकट बसवली आणि पडलेल्या झाडांच्या फळ्या लोकांच्या दारातच काढून देऊ लागले. जुन्या स्कूटरवर पुढे मशीन बांधलेलं, मागे मुलगा सलीम शिडी धरून बसलेला. ती शिडी ओंडक्यावर आडवी ठोकायची आणि तिच्यावरून चौकट सरकवायची, म्हणजे पहिला काप सरळ जातो.

पण मशीनला हात लावण्याआधी ते दारात उभे राहून विचारत, "घरात मोठं कोन हाय?" घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला खुर्ची टाकून ओंडक्याजवळ बसवायचं आणि म्हणायचं, "आता सांगा, या झाडानं काय काय खाल्लं?" कुणी कंदिलासाठी खिळा ठोकलेला असतो, कुणी मांडवाची तार गुंडाळलेली असते. झाड वाढतं आणि ते पोटात घेतं. आऱ्याची साखळी त्यावर गेली तर तुटते, आणि तुटली की कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. "झाड काई थुकत नाई, भाऊ," ते म्हणायचे. "तोंडात देल्लं का ठेवून घेते."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते केनवडला, माझ्या साडूच्या अंगणात. खुर्चीवर साडूची आजी होती, शेजारी तिची जाऊ. दोघीही नव्वदीकडे झुकलेल्या. आजीनं झोक्याची साखळी सांगितली, नजर लागू नये म्हणून ठोकलेला नाल सांगितला. मग म्हणाली, "आन् एक खिळा हिच्या नावानं ठोकला होता मीनं."

जाऊ म्हणाली, "माह्या नावानं? काहून व?"

"तुह्या पोराले पयले मास्तरकी लागली म्हून."

"तरीच. इतके साल गुडघे दुखून राह्यले माहे."

अंगणातले सगळे हसत होते. रशीदभाई तेवढे गंभीर. "गुडघ्याचं मंग पाहू, मावशे. खिळा कुठं हाय तेवढं दाखव." आजीनं काठीनं जागा दाखवली. खिळा तिथंच निघाला. त्या दिवशी मीही पोट धरून हसलो. आता ती म्हातारी आठवली की मान खाली जाते. जावेच्या तोंडावर सांगून मोकळी झाली ती.

पुढे आमच्या मळ्यातला कडुनिंब वादळात पडला. मी जळणाला काढणार होतो. बायको, सुनंदा, ऐकेना. तिला ओसरीत टांगायला बंगई, म्हणजे झोपाळा हवा होता, घरच्या लाकडाचा. तिनंच रशीदभाईंना निरोप धाडला.

"घरात मोठं कोन हाय?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "मीच."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. सुनंदा चहाचे कप घेऊन उभी होती. "सांगा भाऊ, काय खाल्लं यानं?"

"काही नाही," मी म्हणालो.

माझा थोरला भाऊ आजारी असायचा आणि गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं डोकं फिरलं होतं. रातोरात कुठंही चालत जायचा. एकदा आईनं त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. वडील नव्हते. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या काही दिवस चालल्या, मग आम्ही त्या आणणं सोडलं. माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. आई म्हणाली, "माह्याच्यानं आता होत नाई रे." कडी मी आणली आणि मीच त्या कडुनिंबात ठोकली, कमरेइतक्या उंचीवर. साखळी अशी लांब ठेवली की त्याला दिवसभर सावली मिळावी. सावली सरकेल तसा तो सरकायचा. झाडाभोवती गोल पायवाट पडली होती. माझं लग्न व्हायच्या आधीच, एका आषाढात तापानं तो गेला, तेव्हा मी साखळी तोडली. कडी खोल गेलेली, निघाली नाही. मळा गावापासून लांब; तो बांधलेला होता, हे आईला आणि मला सोडून कुणाला कळलं नाही.

दोन फळ्या निघाल्या. पेट्रोल संपत आलं म्हणून सलीम रिठदला गेला, सुनंदा स्वयंपाकाला आत गेली. रशीदभाई खाली वाकून ओंडक्याच्या अंगावर बोट फिरवत होते. "भाऊ, इथं काळं दिसून राह्यलं. लोखंड असलं का लाकूड असं काळं पडते. आठवून पाहा. काई घाई नाई."

आम्ही दोघंच होतो. हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं. कडी इतक्या वर्षांत गंजून गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्यांना म्हणालो, "नाही हो. कुठं काय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन चालू केलं. माझ्या शब्दावर चालू केलं.

साखळी तुटली ती त्यांच्या उजव्या पंजावर आली. बोटं वाचली, पण दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. आऱ्याचे दात घासायला हातात कानसही धरवेना. मशीन विकावं लागलं.

हाताला पट्टी असतानाच ते एकदा एकटे मळ्यात आले. डाव्या हातानं छिन्नी चालवून त्यांनी कडी मोकळी केली. तिच्यात बारीक साखळीचा एक दुवा अडकलेला होता. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"बैलाची होती," मी म्हणालो.

"बैलाची कडी बुडाशी राह्यते, भाऊ."

 मग ते फार हळू म्हणाले, "बैलाले बी नाव राह्यते. काय होतं?"

 त्यांनी थोडी वाट पाहिली, कडी खिशात घातली आणि गेले. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "डाग मले दिसला होता. इचाराचं राहून गेलं. उमर झाली आता." सुनंदालाही हेच सांगितलं. त्यांनी माझ्यावर काही येऊ दिलं नाही. आणि जन्मभर विचारत आलेला माणूस शेवटी डाग दिसूनही विचारायला विसरला, असंच लोक बोलू लागले.

फळ्या खोलीत एकावर एक रचलेल्या आहेत. सुनंदा अधूनमधून बंगईचा विषय काढते. बंगईला साखळ्या लागतात. मी विषय बदलतो.

गेल्या हिवाळ्यात रशीदभाई गेले. मी रिसोडला त्यांच्या घरी भेटायला गेलो. सलीमनं पाणी दिलं. तो आता दुसऱ्याच्या दुकानात काम करतो. बोलता बोलता म्हणाला, "अब्बा जिंदगीभर इचारत आले. तुमच्याच घरी डाग पाहून बी कसे काय भुलले, काई समजत नाई." मग आतून ती कडी घेऊन आला. "हे त्यांच्या पेटीत भेटलं. कायचं हाय, तुमाले काई माईत हाय का?"

मी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि "नाही" म्हणून निघून आलो.

इथं लिहिलं म्हणजे सांगून झालं, असं नाही. सलीमला सांगायचं आहे ते एवढंच आहे. तुझे अब्बा विसरले नव्हते. तू रिठदला गेला होतास तेव्हा, डाग दिसल्यावर, त्यांनी मला पुन्हा विचारलं होतं. ती कडी माझ्या भावाची आहे. त्याचं नाव गजानन होतं. हे मी अजून सलीमच्या दारात जाऊन बोललेलो नाही.