मंगळवारच्या मंडळीचा बाप्तिस्मा

आमची प्रार्थना रविवारी नसायची, मंगळवारी दुपारी तीनला असायची. रविवारी बारामतीतल्या हॉटेलांत उभं राहायला जागा नसते आणि ही सगळी माणसं हॉटेलांत, नाहीतर चायनीजच्या गाड्यांवर राबणारी. सगळी नेपाळची. दुपारची जेवणं उरकल्यावर संध्याकाळसाठी कोबी चिरायला बसेपर्यंत जो वेळ मिळतो, तोच त्यांचा देवाचा वेळ.

मी इथलीच, मराठी ख्रिस्ती, निवृत्त मास्तरीण. आमचं चर्च गावात आहे, जुनं, मोठ्या घंटेचं. पण इंदापूर रस्त्याला माझ्या घरामागं नवऱ्याची वेल्डिंगची शेड होती आणि ते गेल्यावर ती ओस पडली होती. एक दिवस या मंडळीचा पास्टर ती मागायला आला. रात्री एका सोसायटीत वॉचमन, दिवसा पास्टर. कुणी काही मागितलं की आधी डाफरायचं आणि मग द्यायचं, ही माझी शाळेपासूनची खोड. मी म्हटलं, "चपला बाहेर, आणि ढोलकी हळू." चपला बाहेर राहिल्या. ढोलकी त्यांनी कधी हळू वाजवली नाही.

शेजारच्या तात्यांचा ऊस आमच्या कुंपणापर्यंत आहे. त्यांनी पहिल्याच महिन्यात हटकलं, "बाई, काय चाललंय ह्ये? कुठली म्हणायची ही माणसं?"

"नेपाळची. भजनं म्हणतात."

"व्हय? कळत न्हाय कायबी, पर गळा बरा हाय पोरांचा." पुढं मंगळवारी ते बांधावर बाज टाकून ऐकत पडायला लागले.

मंडळी वाढली, चटया पुरेनात. मग एका मालकानं पुण्याला नवं हॉटेल काढलं, पोरं तिकडं हलवली आणि एका मंगळवारी निम्मी शेड रिकामी. पास्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. गाड्यागाड्यांवर जाऊन मंच्युरियनची प्लेट घ्यायची आणि कढईमागच्या पोराला गाव विचारायचं. परक्या मुलखात मंडळी अशीच जमवतात, तो म्हणायचा. मंच्युरियननं पोट बिघडलं की ओवा घ्यायला माझ्याकडे यायचा.

त्यांच्यातला एक स्वयंपाकी मला सगळ्यांत जवळचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. सगळे त्याला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. बायको त्याच हॉटेलात भांडी घासायची. हिवाळ्यात दोघातिघांचा बाप्तिस्मा मागच्या कालव्यात झाला, तेव्हा हे दोघं काठावर उभे होते. पोरांनी आपापल्या आयांना फोनवर ते सगळं दाखवलं. उन्हाळ्याच्या तोंडाला यानंही पास्टरला सांगितलं, "आम्हा दोघांना एकदमच द्या." तेव्हाच त्याचे पाय सुजलेले होते. दिवसभर उभं राहून सुजतात, असं तो म्हणायचा.

त्यांच्यात माणूस पाण्यात पूर्ण बुडवतात. पास्टरनं मंगळवार ठरवला, सगळ्यांना कळवलं आणि कालव्यावर जाऊन बघतो तर तळाला भेगा. डोंगरातला माणूस तो. तिकडं नदी बाराही महिने वाहते. कालव्याला पाणी पाळीनं येतं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

"पाळी पुढं गेली," तात्या म्हणाले. "बैठक झाल्याबिगर सुटत न्हाय. कवा सुटंल त्ये आमालाबी ठावं न्हाय, आमचाच ऊस वाळतुया."

"दिदी, पाण्याची पण मीटिंग असते?" पास्टरनं मला विचारलं. मला हसू आलं. पुढं आलं नाही.

मी तात्यांच्या गोठ्यातला हौद सुचवला. तात्या लगेच म्हणाले, "घासून देतो की, त्यात काय." पण स्वयंपाक्यालाच ते नको होतं. "दिदी, आईला फोनवर दाखवायचं आहे. गुरांच्या हौदात कसं दाखवू?" मग मी म्हटलं, ओंजळभर पाणी डोक्यावर घाला, आमच्याकडं तेच करतात, मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा तसाच झाला. पास्टर समजूत घातल्यासारखं हसला. "दिदी, तोंड धुणं म्हणजे अंघोळ नाही." मला राग आला आणि मी तो विषय सोडला. पाणी काय, आज ना उद्या येणारच होतं.

पाणी आलं नाही. आधी तो स्वयंपाकीच कढईसमोर कोसळला. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिससाठी मानेत नळी बसवली आणि डॉक्टरांनी बजावलं, इथं पाण्याचा थेंब लागता कामा नये, जंतू आत गेले तर जिवावर बेतेल. मी त्याच्या खाटेशी बसून मराठीतून हिंदीत ते सांगितलं. तो म्हणाला, "डोकं वर ठेवलं तर?" मी म्हटलं, बघू. बघण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

मग एका सोमवारी पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे आले. त्यालाही रिक्षातून आणलं, मानेभोवती टॉवेल गुंडाळून काठावर खुर्चीत बसवलं. एक पोरगा पाण्यात गेला, बुडून वर आला, टाळ्या झाल्या. मग दुसरा. मग त्याची बायको उतरली, साडी खोचून, कमरेइतक्या पाण्यात.

पास्टरनं तिचा हात धरला आणि तसाच थांबला. मग वळून काठाकडं बघत म्हणाला, "दाजू, ओंजळीनं घालू का? मान वाचवून, फक्त कपाळावर?" त्याचा आवाज फाटला होता. ज्या गोष्टीसाठी मी दोन महिने त्याच्यावर धुमसत होते, ती तो स्वतःहून बोलला, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.

स्वयंपाक्यानं नकारार्थी मान हलवली. "तू शिकवलंस ते मी खरं मानलंय. आता माझी दया येते म्हणून बदलू नकोस."

त्याच्या बायकोनं पास्टरच्या हातातून हात सोडवून घेतला आणि ती काठाकडं चालायला लागली.

"तू तरी घे," तो ओरडला. त्याला धाप लागली. "अगं, पाणी आलंय, घे ना!"

"एकटीला नको," ती म्हणाली. कमरेपर्यंत भिजलेली, केस कोरडे, ती येऊन त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तो तिला पुन्हा पुन्हा पाण्याकडं ढकलत होता, पण त्याच्या हातात तेवढा जोर राहिला नव्हता.