मुहूर्ताचे शेअर आणि आईचे गुडघे

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे बाबांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बाबा कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभर भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून हुज्जत घालणारे. पण नेपियर टाउनच्या एका क्लासमध्ये काही रविवार बसून आले आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. नवशिक्यांना शेअरबाजारातून कमाई शिकवणारा क्लास. कमाई कोणाची, ते पाटीवर लिहिलं नव्हतं.

तिथल्या सरांनी सांगितलं होतं की लक्ष्मीपूजनाला बाजार तासभर उघडतो, तेव्हा शकुन म्हणून घ्यायचं. लोक एखाददुसरा शेअर घेतात. बाबांनी सगळी रक्कम घातली. ज्या मोबाइलवरून ते शेअर घेतले, तो आईने पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. कव्हरच्या फटीत ते कुंकू अजून आहे.

संक्रांतीपर्यंत भाव चांगला चढला. मी विजय नगरच्या एका बँकेत नोकरी करते, त्यामुळे पैशातलं मला काही कळत नाही अशी आमच्या घरात पक्की समजूत आहे. तरी म्हटलं, "बाबा, आता विका. दोन्ही गुडघे होऊन वर उरतील."

बाबा तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "काहून विकायचं? लक्ष्मीपूजनाले आणलेली लक्ष्मी घराबाहेर काढतेत का कोणी? पुढच्या दिवाळीपर्यंत राहू दे."

बाबांना तेवढंच हवं होतं. "गुडघे तिचे, मर्जी तिची," म्हणाले आणि चहा मागितला. ती ओटा धरून उठली. मला दोघांचाही असा संताप आला की रात्री मी जेवले नाही. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

मग भाव पडला. उन्हाळा संपेपर्यंत जेमतेम एका गुडघ्यापुरते उरले. सर म्हणाले, "बेचा नहीं तो नुकसान कैसा? सब कागज़ पर है." हे वाक्य बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. ते ऐकवत असताना आई भिंत धरधरून मोरीकडे जात असायची.

पावसाळ्यात तिला रात्रीची कूस बदलता येईना. तेव्हा कुठे तिची लक्ष्मीवरची पकड सैल झाली. "माझं नाही ऐकत ते, तुझं बी नाही," ती मला म्हणाली. "सरांनी म्हटलं तर विकतील. एक तरी गुडघा होऊन जाईल. चल, सरांनाच विनंती करू."

मी तिला ऑटोने नेलं. क्लास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा ओढत ती चढली. वर पोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आत नवी बॅच बसली होती. आम्ही कोणाच्या घरून आलो ते मी सांगितलं. आईने हात जोडले. ती श्वास घेईपर्यंत सर बॅचकडे वळले.

"देखिए, इनको कहते हैं असली इन्वेस्टर. भाव इतना गिरा, माताजी घबराईं नहीं. बेचा नहीं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने उठून खुर्ची दिली. आई चक्क लाजली. मी बोलायला पुढे झाले, तर तिने माझा दंड घट्ट दाबला.

उतरताना तिचे गुडघे वाकेनात. शेवटी ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकू लागली. बॅच सुटली होती. लोक "नमस्ते माताजी" म्हणत तिच्या बाजूने उतरून गेले आणि तीही प्रत्येकाला नमस्ते म्हणत राहिली.

खाली आल्यावर मी विचारलं, "विनंती काहून केली नाहीस?"

साडीची धूळ झटकत ती म्हणाली, "येवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या ना बाई. आता विका म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"