आर्डिसचा मफिनचा ट्रे

आर्डिस लिंडहोमला बंदुकांचा तिटकारा आहे, असं आता आमच्या गावात कुणीही उठून सांगतं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. दर ऑक्टोबरात स्वतः हरीण मारून, सोलून, त्याची सॉसेजं करणारी बाई ती! मी इथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते तेव्हापासून तिच्या खाणावळीत नाश्ता करते आहे. मला विचारा की.

तिच्या दारापाशी मफिन भाजायचा एक जुना ट्रे असायचा. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी सगळे शिकारी उजाडायच्या आधी तिच्याकडे पॅनकेक खायला जमत. बंदूक गाडीत ठेवायची, काडतुसं ट्रेमधल्या आपापल्या खळग्यात टाकायची, मगच खुर्ची ओढायची. नियम तिच्या नवऱ्याचा, आर्नेचा. तो गेला, नियम राहिला. त्यात कुणाला अपमान वाटला नाही.

मग ब्रेंट हाल्वर्सन कमरेला पिस्तूल लावून यायला लागला. घरं विकण्याची दलाली करतो तो. त्याच्यावर कोण चालून येणार होतं? उघडपणे पिस्तूल बाळगायला आमच्या राज्यात मुभा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे वाढपाचं काम करणारी जोसेलिन, कॉलेजातली पोर, त्याच्या टेबलावर कॉफी लांबूनच सरकवायची. एका शनिवारी ती आर्डिसला म्हणाली, "मी काम सोडते. शाळेत असताना गोळीबार झाला तेव्हा मी बाकाखाली लपले होते. परत नाही."

आर्डिस तडक ब्रेंटसमोर जाऊन उभी राहिली. "ते गाडीत ठेवून ये."

"कायदा माझ्या बाजूनं आहे, आर्डिसबाई."

"रस्त्यावर. ही फरशी माझी आहे."

"पोरींना भ्यायचंच असेल, तर त्याला मी काय करू?"

"काही करू नकोस. ऑम्लेट दुसरीकडे खा."

शेजारच्या टेबलावर आर्नेचा जिवलग दोस्त डेल्मर बसला होता. तो करवादला, "अगं, आज त्याचं पिस्तूल, उद्या आमच्या रायफली मागशील!"

"तुझी मागून काय करू रे? नेम तर लागत नाही तिचा."

लोक हसले. डेल्मर हसला नाही.

मोसमाचा पहिला दिवस उजाडायचा होता. आर्डिसने पीठ भिजवलं, तवा तापवला, ट्रे दाराशी मांडला. शिकारी येतील की नाही, या काळजीने तिचा चेहरा उतरला होता. आले. सगळे आले, त्या दिवशी उठून गेलेला ब्रेंटही, आणि प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल! डेल्मरच्यासुद्धा. पट्ट्याचं नवंकोरं चामडं, बसताना करकरलं. ट्रेकडे एकानेही पाहिलं नाही.

"टाक गं पॅनकेक," डेल्मर म्हणाला.

आर्डिसने गॅस बंद केला.

"हे काय? आम्ही तुझीच माणसं ना?"

"माझी होतात, तेव्हा खिसे रिकामे करून बसत होतात. उठा."

आर्नेच्या मयतीला हुंदके देऊन रडलेले बाप्ये हे. एकाने, फक्त एकाने काडतुसं काढायला खिशात हात घातला असता! नाही. ब्रेंट दात काढत उठला, बाकीचे खाली बघत त्याच्या मागून गेले.

जोसेलिन कामावर आली तेव्हा सगळी टेबलं रिकामी होती. "आज गर्दी नाही?"

"नाही. यापुढेही नाही." आर्डिसने ट्रे तिच्या हातात दिला. "नीट घास. काडतुसांचं शिसं लागलंय त्याला. मग मफिन भाजू."