वारूळवाडीचा रॅम्प

बसा, चहा येतोय. फक्त माझ्या पँटीचा विषय काढू नका, बाबांनो. त्या पँटीपायी मला नारायणगावच्या मार्केटात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

हसताय? म्हणजे कानावर आलंय तर! मग मीच सांगतो. नाहीतर संपत सांगेल, आणि तो सांगायला लागला की माझी पँट पार घोट्यापर्यंत येते. तेवढं काही झालं नव्हतं.

आमच्या वारूळवाडीच्या शेतात उन्हाळी टोमॅटोचा तोडा चालू होता. तोड्याच्या दिवसांत मी माणसात नसतो, हे तुम्हाला माहितीय. कंबर म्हणते बस, मजूर म्हणतात उद्या येतो, आणि टोमॅटो म्हणतो मी आजच पिकणार! अशात पुण्याहून पूर्वाचा फोन. पूर्वा म्हणजे माझी एकुलती एक लेक. कपड्यांचं डिझाईन शिकते. शिवणकाम म्हणायचं नाही, चिडते.

तिच्या शेवटच्या वर्षाचं काम मॅडमनी एकदा परत पाठवलं होतं. म्हणाल्या, "छान आहे, पण दुकानात मिळतं तसं आहे. ह्यात तुझं काय?" पोरगी चार दिवस धड जेवली नाही. मग तिच्या डोक्यात आलं, आपल्या शेतातल्या टाकाऊ मालाचेच कपडे करायचे. वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर, शेडनेट, ठिबकच्या नळ्या, टोमॅटो भरायची फुटकी प्लास्टिकची कॅरेटं, सगळं पोत्यात भरून घेऊन गेली. आता मॅडम ते बघायला शेतावरच येणार होत्या. जमलं तर डिग्री, नाहीतर वर्ष वाया.

फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त एक रॅम्प करून ठेवा."

"करतो की. केवढा?"

"चांगला लांब. शेवटाला जरा रुंद ठेवा, वळायला जागा पाहिजे. मॉडेल्स मी पुण्याहून घेऊन येते."

आता मला सांगा, रॅम्प म्हणजे काय? गाडीत माल चढवायचा-उतरवायचा धक्का! आणि मॉडेल म्हणजे? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असतं ते. थर्माकोलचं धरण, पुठ्ठ्याची पवनचक्की. माझ्या डोळ्यासमोर ते मॉडेल आलं. गाडीतून अलगद उतरवायचं, म्हणून रॅम्प. चुकलं का माझं काही?

मी आपुलकीनं विचारलं, "मॉडेलं जड आहेत का गं?"

"पप्पा! असं कुणाला विचारू नका हं!" आणि फोन बंद.

मी म्हटलं, दमली असेल. मीही दमलो होतो. दोन दमलेल्या माणसांनी फोनवर बोलू नये, असा माझा अनुभव आहे.

जेसीबीवाल्याला बोलावलं आणि मुरमाचा असा झकास रॅम्प केला, राव! लांबच लांब चढ, आणि शेवटाला पिकअपच्या हौद्याच्या उंचीवर ताठ तोडलेला. बघून मलाच बरं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आमची मंडळी म्हणाली, "अहो, कपडे बदला. लोकं यायचीत."

"मला कोण बघतंय?" म्हणालो, आणि तोड्याला गेलो. अंगावर कामाची पँट. गुडघ्याला हिनंच लावलेलं हिरव्या शेडनेटचं ठिगळ, खताच्या गोणीचा खिसा, तो मी दाभणानं शिवलेला. पट्टा तुटला होता, म्हणून कमरेला सुतळी. आणि सगळ्यावर टोमॅटोच्या पानांचा काळपट हिरवा चीक.

दुपारी गाडी आली. पूर्वा उतरली. मागून एक मुलगी उतरली, दुसरी, तिसरी... आठ मुली! मी गाडीत डोकावून विचारलं, "मॉडेलं कुठायत?"

"ह्या काय, पप्पा!"

मी एकदा मुलींकडे बघितलं, एकदा रॅम्पकडे. तेवढ्यात तिला रॅम्प दिसला. ती बघत राहिली. रागावली असती तर परवडलं असतं हो, पण तिचे डोळेच भरले.

"पप्पा, ह्याच्यावर चालायचं होतं. शेवटाला खाली पडतील सगळ्या."

तेवढ्यात मॅडमची गाडी बांधावर आलीच. आता? माणूस दमला की त्याचं डोकं दोनच गोष्टी करतं, एकतर बंद पडतं नाहीतर भलतंच चालतं. माझं चाललं. मी संपतला हाक मारली. संपत म्हणजे आमच्या पिकअपचा ड्रायव्हर. म्हटलं, गाडी उलटी रॅम्पला लाव, हौद्याचा मागचा फाळका रॅम्पवर आडवा टाक. झाला की रॅम्प पुरा! चढ चढून मुली हौद्यात येतील, तिथं वळतील, परत जातील. पूर्वानं डोळे पुसले आणि मान हलवली.

आणि काय दिसल्या मुली! एकीचा घागरा चंदेरी मल्चिंग पेपरचा, एकीच्या गळ्यात ठिबकच्या नळीचे वेढे, एकीच्या डोक्यावर कॅरेटच्या पट्ट्यांचा तुरा. मला त्यातलं कळत नाही, पण खरं सांगतो, आमचा उकिरडा असा नटेल असं वाटलं नव्हतं.

मॅडमच्या तोंडावरची रेघ मात्र हलेना.

शेवटी आठही जणी हौद्यात एकत्र उभ्या राहिल्या. मागचा फाळका उघडा. मला काळजी, एखादी पडली म्हणजे? म्हणून मी रॅम्पवर चढलो आणि हळूच फाळका लावला. इथवर सगळं ठीक होतं.

पण जन्मभर टोमॅटो भरलेत हो ह्या हातांनी! आमच्याकडे माल भरला की फाळका लावायचा आणि त्यावर दोन थापा मारायच्या. ड्रायव्हर मागं बघत नाही. थाप ऐकली की गाडी थेट मार्केटला.

फाळका लावला आणि हात आपोआप गेला. थाप, थाप!

आणि संपतनं गिअर टाकला!

"अरे थांब! संपत! माल न्हाई रे, मॉडेलं हायेत!"

केबिनमध्ये गाणी मोठ्यानं लावलेली, ऐकतो कशाला? आठही मुली एका सुरात किंचाळल्या. मी रॅम्पवरून उडी मारली. उडीबरोबर सुतळी तुटली. एका हातात पँट, दुसऱ्या हातानं हातवारे, असा मी धुरळ्यात पळतोय, आणि मागं माझ्या लेकीची डिग्री उभी!

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "बसा गाडीत." मी पुढं बसलो, पूर्वा मागं. मॅडम गाडी चालवत होत्या आणि मधूनमधून माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सीटला चीक लागला म्हणून चिडल्यात. मी आणखी आक्रसून बसलो.

मार्केटच्या गेटवर पिकअप उभी, भोवती ही गर्दी. मला वाटलं, आता पोरी रडत असतील. कसलं काय! शेतकरी त्यांना विचारत होते, "ताई, हा पेपर किती मायक्रॉनचा?" आणि त्या हौद्यात गोल फिरून घागरे दाखवत होत्या. संपत मला बघून म्हणाला, "भाऊ, आज माल लई बोलत व्हता, म्हणून मागं बघितलं."

मॅडम मात्र तिकडं वळल्याच नाहीत. पूर्वाला म्हणाल्या, "बाकीचे आठ ठीक आहेत. पण शेवटचा हा पळत आलेला नववा पोशाख! ठिगळ, दाभणाची शिवण, सुतळी. मागच्या वेळी मी हेच मागत होते. हे कुणाचं?"

पूर्वानं माझ्याकडे बघितलं. मी पँट धरून उभा.

"घरचंच आहे, मॅडम. ठिगळ आईचं, शिवण पप्पांची."

"आणि हा मॉडेल कुठून आणलास? इतका दमलेला चेहरा शिकवून येत नाही!"

मी म्हटलं, "मॅडम, तोडा चालूय."

पूर्वा रडता रडता हसायला लागली. "मॅडम, हेच माझे पप्पा."

मॅडमही हसल्या, पहिल्यांदाच. पोरगी पास झाली, राव! त्या दिवशी मला जी झोप लागली, तशी लग्नानंतर लागली नव्हती.

पँट तेवढी गेली. पूर्वानं धुऊसुद्धा दिली नाही. पुण्याच्या प्रदर्शनात टांगलीय म्हणे, वर दिवा सोडलाय. इथं तोडा संपला नाही आणि मी लग्नातली पँट घालून चिखलात! मंडळी बघते आणि म्हणते, "तरी सांगत होते, कपडे बदला."

तेही सोसलं असतं. पण परवा मार्केटात डोक्यावर कॅरेट घेऊन, वाकलेल्या कंबरेनं चाललो होतो, तर हमालांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं,

"ओ मॉडेल, जड हाय का?"