बाबांचा चालता हात

बाबांची वाचा गेली आणि मला प्रश्न सुचायला लागले. आहे की नाही कमाल! उमेदीची सगळी वर्षं माणसाने फौजेत काढली. सुट्टीवर आले की आम्ही भावंडं ट्रंकेवर तुटून पडायचो, कॅन्टीनमधून काय आणलंय बघायला. तिकडे काय करता, असं कधीतरी विचारलं तर म्हणाले, "काय करणार? ड्युटी." झालं. तेवढ्यावर आमचं भागलं.

पक्षाघातानंतर त्यांचा एकच हात चालतो. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, तळहात खाली करून ते हवा दाबायला लागले. पुन्हा पुन्हा. आम्ही पडलो कामतघरचे, यंत्रमागांच्या वस्तीतले. लूमच्या खडखडाटात इथे सगळे हातांनीच बोलतात, आणि तळहात असा दाबला की मशीन बंद कर. आईचा जन्म कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेला, तिला का हे सांगायला हवं? तिने उठून पंखा बंद केला. बाबा घामाने निथळले, तरी हात चालूच. मग टीव्ही बंद, मिक्सर बंद. "अहो, आता काय माझं तोंड बंद करू?" आई रडकुंडीला आली. रोज हेच.

एका रविवारी एक रिटायर फौजी त्यांना बघायला आले. मानकोलीच्या गोदामावर सिक्युरिटीला असतात. त्यांनी तो हात बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आडवे व्हा म्हणतायत हे. गोळीबार सुरू झाला की आम्ही असंच सांगायचो. व्हा वहिनी, तुम्ही पण."

आणि ते स्वतः फरशीवर पालथे पडले. मीही पडले. आई गुडघे धरत, देवाचं नाव घेत कशीबशी टेकली. बाबांनी एकेकीकडे बोट केलं, मग त्या काकांकडे. चेहरा निवला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. दारात कोणीच नव्हतं. हात पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात, आणि डोळ्यांना धार लागली.

"कोण आहे बाबा? कोण उभंय तिथे?" मी फरशीवरूनच ओरडले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. काकांनाही ठाऊक नव्हतं, ते वेगळ्या पलटणीतले.

शेवटी आईच दाराकडे तोंड करून म्हणाली, "बस रे बाळा खाली. ऐक की त्यांचं."

हात थांबला नाही.